नाचायला पोरं, तिकिटाला काका

राजकारणाचा विषय निघाला की आमची पिढी कानात इअरफोन घालते, अशी तक्रार घरोघरी असते. त्यात वाजतं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडच्या रस्त्यावर या; भीमगीतं दणक्यात वाजत असतात, समता, संविधान हे शब्द थेट ठेक्यावर येतात आणि आमच्याकडची पोट्टी ती गाणी तोंडपाठ म्हणतात. मला आशा वाटते ती इथं, सभांमध्ये नाही.

१९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. महापालिका २१व्या वर्षी लढवता येते. तरीही प्रचाराच्या डीजेपुढे नाचायला आम्ही आणि तिकीट काकांना! पक्षांनी निदान एखाद्या प्रभागात तरी आमचा विचार करावा.

– एक तरुण मतदार, नागपूर