एकदा दिवसाउजेडी ये

सॅन फ्रान्सिस्को,
रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल आम्ही सुखरूप पोचलो, मीनल न्यायला आली होती, लोणच्याची बरणीही धड आली, हे सगळं फोनवर सांगून झालंच आहे. पण प्रवासाबद्दल फोनवर निवांत बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर आईसाठी तू व्हीलचेअर सांगून ठेवलीस ते फार बरं केलंस. तिच्या गुडघ्यांना एवढं चालणं झेपलं नसतं. मी बरोबर चालत होतो. आता बूट काढायला लावत नाहीत, पासपोर्ट दाखवला, बॅग यंत्रातून गेली की झालं. पुढे ते भुयार लागतं ना, छताला निऑनच्या रंगीत नळ्या लावलेलं, तिथे आईने खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला थांबायला सांगितलं आणि मान वर करून बघत राहिली. तोही बिचारा घाई न करता थांबला.

आता मुख्य गोष्ट. तू कामासाठी ह्या मार्गाने सारखा ये-जा करतोस, पण एकतर रात्रीचं विमान धरतोस, नाहीतर खिडकीची झडप ओढून लॅपटॉप उघडतोस. बाळा, एकदा हा प्रवास दिवसा कर आणि बाहेर बघ. जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस सांगतोय असं समज.

मिसिसिपी ओलांडली की आयोवाचे चौकोन सुरू होतात. 1785 च्या कायद्याने ह्या देशाने आपली जमीन मैला-मैलाच्या चौकोनांत मोजायला घेतली. त्या रेघा अजून तशाच दिसतात, बहुतेक रेघांवर रस्ते. आत मका नाहीतर सोयाबीन, आणि ते जवळजवळ सगळं पावसावर. नेब्रास्का अर्धा सरला की पावसाचं मान वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि तिथून पुढे चौकोनांच्या आत हिरवी वर्तुळं दिसायला लागतात. मधोमध बोअर, त्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैल लांबीचा नळ. फ्रँक झायबॅक नावाच्या शेतकऱ्याने 1952 मध्ये ह्याचं पेटंट घेतलं. 160 एकरांचा चौकोन असेल तर सुमारे 130 एकर भिजतं, चारही कोपरे कोरडे राहतात. कुठे वर्तुळाचा निम्माच भाग हिरवा होता, उरलेला कापणी झालेला पिवळा. मी काचेला नाक लावून बघत होतो. आई म्हणाली, अहो, चष्मा तरी पुसा.

हे पाणी येतं ओगलाला नावाच्या जलधरातून, म्हणजे जमिनीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या थरातून. दक्षिण डकोटापासून टेक्सासपर्यंत आठ राज्यांच्या पोटात तो पसरलाय, आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा. कॅन्सस आणि टेक्सासमध्ये उपशाने त्याची पातळी पार खाली गेली. नेब्रास्का त्या मानाने सावरलेला आहे. तिथे थर जाड आहे, वाळूच्या टेकड्यांतून पाणी मुरतंही, पण माझ्या मते तेवढंच कारण नाही. 1972 पासून तिथे नदीखोऱ्यांप्रमाणे जिल्हे पाडलेत, आज असे 23 आहेत. त्यांची मंडळं लोक निवडून देतात आणि उपसा किती करायचा त्यावर बंधन घालायचा अधिकार त्या मंडळांना आहे. काही ठिकाणी बोअरला मीटर आहेत.

1972 म्हणजे आपल्याकडे दुष्काळाचं साल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा त्याच वर्षी उभी राहिली. मी तेव्हा पोरसवदा होतो, पाझर तलावाच्या कामावर मस्टर भरायचो. बायका डोक्यावर माती वाहायच्या आणि सुकडीची वाट बघायच्या. पुढे गावोगावी बोअर वाढत गेले आणि पाणी खोल जात राहिलं, ते डोळ्यांदेखत पाहिलं. बोअर माझी, पाणी माझं, हे शेतकऱ्याच्या मनातून काढणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून ती वर्तुळं बघताना मला त्या मंडळांवरच्या माणसांबद्दल फार आदर वाटला. आपल्याच शेजाऱ्याला पाणी कमी घे म्हणायला छाती लागते.

रॉकी पर्वतावर ढग होते. ग्रेट सॉल्ट लेक मात्र लख्ख दिसलं. मधून रेल्वेचा दगडी भराव गेलाय, त्याच्या उत्तरेला पाणी गुलाबीसर आणि दक्षिणेला निळं-हिरवं. नद्या दक्षिणेच्या भागात मिळतात, त्यामुळे उत्तरेकडे मीठ फार. सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वरच उचललं जातं, म्हणून ते आटत चाललंय. 2022 मध्ये त्याने आजवरचा नीचांक गाठला. काठाचा पांढरा पट्टा केवढा रुंद झालाय ते वरून कळतं. जीव हळहळला.

नेवाडा ओसाड. मग सिएरा नेवाडा, जुलैतही शिखरांवर बर्फाचे पट्टे. तिथलंच वितळलेलं पाणी ‘हेच हेची’ नावाच्या दरीतल्या धरणातून सुमारे 270 किलोमीटर अंतर निव्वळ उताराने, एकही पंप न लावता, ह्या शहरात येतं. 1923 चं धरण! राष्ट्रीय उद्यानातली एक सुंदर दरी त्यासाठी बुडवली, त्याबद्दल लोक आजही भांडतात आणि ते भांडण खोटं नाही. तरी घरी आल्यावर मीनलने नळाचं पाणी दिलं, तेव्हा ज्यांनी तो उतार साधला त्यांना मी मनात नमस्कार केला.

ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत तुम्ही येणार आहात, तेव्हा सकाळचं विमान घे. उजव्या बाजूची खिडकी, पंखाच्या पुढची, आणि तिथे आर्यनला बसव. त्याने वर्तुळं का असतात विचारलं तर आता तुला सांगता येईल, आणि अडलास तर उतरल्यावर मी आहेच. तिकीट काढलंस की कळव. आईने सूनबाईंना सांगायला सांगितलंय की तिखटमिठाच्या पुऱ्या विमानात आम्हाला पुरून उरल्या.

तुझा,
बाबा