पहिल्या पानावरच्या पिवळ्या फुलांबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात पहिल्याच पानावर टेकडीचा तो मोठा फोटो बघितला, खाली ओळ होती की आता कासला जायची गरजच नाही, आणि चहाचा कप हातात तसाच राहिला माझ्या. फोटो सुंदरच आलाय, त्याबद्दल वाद नाही. पण तो पिवळाधमक गालिचा म्हणजे कासची सोनकी नव्हे हो, तो कॉसमॉस आहे, मूळचा मेक्सिकोचा. सोनकी सहसा गुडघ्याच्या वर जात नाही आणि तिच्यात दुसरी चार रोपं सुखाने नांदतात, हा बाबा छातीपर्यंत वाढतो आणि खाली काही उरूच देत नाही. फुल मोठं, पिवळं नाहीतर केशरी, पाकळ्यांची टोकं कातरल्यासारखी. एकदा ओळखलं की मग बायपासच्या कडेला, डोंगरउतारावर, सिंहगडाच्या रस्त्याला, सगळीकडे तोच दिसायला लागतो.

आता मला हे एवढं ठासून का सांगावंसं वाटतं ते पण सांगते, कारण पाप माझ्याच हातचं आहे. २०१८ च्या संक्रांतीला आमच्या बिल्डिंगमधे हळदीकुंकू होतं, प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा काहीतरी इको-फ्रेंडली वाण द्यावं म्हणून बियांची छोटी पाकिटं दिली होती, वर छान फुलपाखरू छापलेलं. मला दोन मिळाली. जूनमधे पहिला पाऊस झाल्यावर मी ती मोठ्या हौसेने आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, जिथून टेकडीचा चढ सुरू होतो तिथे, भिरकावून दिली. पहिल्या वर्षी वीस-पंचवीस झाडं आली असतील, मी फोटो काढून ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी हार्ट पाठवले. तिसऱ्या वर्षी पायवाटेच्या दोन्ही बाजू भरल्या. आज तो अख्खा उतार पिवळा आहे. त्याचं बी म्हणजे काळी बारीक सुई, टोकाला दोन काटे, ट्रॅकपँटला चिकटून घरापर्यंत येतं, कुत्र्याच्या केसांत बसतं, म्हणजे पसरवायला आम्ही फिरायला जाणारेच पुरे.

त्याच उताराला आधी काय होतं ते मला पाठ आहे, कारण तीस वर्षं मी रोज सकाळी तिथून चढते. कुसळी गवत, पावसात गुलाबी तेरडा, दगडाच्या कपारीत पांढरी मुसळी, मधेच एखादी मेडशिंगी नाहीतर सालई. दिसायला काही ग्रँड नव्हतं. पुण्याच्या टेकड्या म्हणजे बेसॉल्टवर चार बोटं माती, तिथे मुळात गवत आणि विरळ झाडं हेच खरं रान, त्याला माळ म्हणून नाकं मुरडायची आपली जुनी सवय. शेळ्या घेऊन येणारे एक आजोबा भेटतात, ते म्हणाले, "ताई, पयलं हितं गवात कमरंएवढं यायचं, आता शेरडं घेऊन पार पलीकडच्या अंगाला जावं लागतंय." त्यांना कोणी इकॉलॉजी शिकवली नाही पण आमच्यापेक्षा आधी त्यांच्या लक्षात आलं.

बरं, हे काही पहिल्यांदा होत नाहीये. टेकडीवर आत्ता जी झाडी दिसते ना, तिच्यातली बरीचशी उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. टेकड्या बोडक्या दिसतात म्हणून पटकन हिरवं करायला वनीकरणात लावली, आणि मी कॉलेजात होते तेव्हा आम्हीसुद्धा टाळ्याच वाजवल्या होत्या. शेताच्या बांधावर ती गुणाची आहे, पाला खताला उत्तम, नाही कोण म्हणतंय. पण टेकडीवर तिची शेंग उन्हाने तडकते, बी लांब उडतं, खोड तोडलं तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. फेब्रुवारी-मार्चमधे पानं गळून गुलाबी फुलं आली की लोक चेरी ब्लॉसम म्हणून रील टाकतात आणि ऐन मे महिन्यात पाखराला टेकायला सावली पाहिजे तेव्हा ही खराटा. एवढ्या वर्षांत मी तरी तिच्यावर एक घरटं बघितलेलं नाही, शेजारच्या बाभळीवर मात्र दरवर्षी असतं. (सगळी एकदम तोडा असंही माझं म्हणणं नाही, एकदम मोकळं केलं की त्या जागी घाणेरी घुसते. थोडी थोडी काढत, मधे आपली झाडं उभी करत जायला पाहिजे.)

आणि गाजरगवत तर आपल्या पुण्याचंच म्हणायचं. १९५५ साली ते पहिल्यांदा डोळ्यावर आलं ते इथेच. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात, पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून काँग्रेस गवत हे नाव पडलं असंही सांगतात, ते खरंखोटं बाजूला ठेवा. पण तेव्हा ते असंच कुठल्यातरी कोपऱ्यात चार झाडं असेल ना? आज देशभर आहे. एकेका झाडाला हजारोंनी बिया, अंगाला लागलं तर खाज, परागकणांनी दमा, गुरं तोंड लावत नाहीत, आणि मुळापानांतून असं काही द्रव्य सोडतं की शेजारचं बी नीट रुजत नाही. ८० च्या दशकात त्यावर खास मेक्सिकन भुंगे आणून सोडले, पावसाळ्यात ते पानांची चाळण करतात, पण गवत काही हटलं नाही. नदीतल्या जलपर्णीबद्दल तर बोलायलाच नको, तिला आपण सांडपाण्याचं जेवण घालतो आणि मग दरवर्षी मशिनने उपसतो.

मैत्रीण म्हणाली, अगं पण कॉसमॉसवर फुलपाखरं येतात की. येतात ना. मध प्यायला येतात, ते हॉटेल झालं. अंडी घालायला घर लागतं. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळीला रुई नाहीतर तिच्याच कुळातलं झाड लागतं, काहींच्या अळ्यांना गवतच लागतं, कॉसमॉसची पानं त्यांच्या काही कामाची नाहीत. रुई आणि गवत गेलं की दोन-चार वर्षांनी हॉटेल चालू आणि गिऱ्हाईक नाही.

मी संबंधित ऑफिसला तीनदा फोन केला. दोनदा दुसरा नंबर दिला, तिसऱ्यांदा एक साहेब म्हणाले, मॅडम फुलझाडं आहेत, असू देत की. त्यांना तरी काय बोलायचं, पेपरमधेच कौतुक छापून येतंय. म्हणून तुम्हाला लिहितेय. त्या फोटोखाली एक चौकट टाका की हे रोप बाहेरचं आहे, बी टाकू नका, आणि बी धरायच्या आत, म्हणजे ऑगस्टमधेच, उपटा. एका हंगामाचं झाड आहे, मुळं वरवर असतात, ओल्या मातीतून लहान मूलही उपटेल. आणि वाणाची, वाढदिवसाची, सीडबॉलची पाकिटं वाटणाऱ्यांनी आत काय आहे ते नावानिशी छापावं, नुसतं "रानफुलं" नको.

यंदा आम्हाला उशीरच झाला. कालच्या शनिवारी आम्ही चौघी भिंतीपलीकडे गेलो, दीड तासात सहा पोती भरली. बी धरायला लागलं होतं म्हणून कंपोस्टला न टाकता पोत्यांची तोंडं शिवून ठेवलीयत. अर्ध्यावर असताना एक जोडपं फोटो काढायला आलं, मुलगी अगदी कळवळून म्हणाली, "काकू, एवढी सुंदर फुलं का तोडताय, पेपरमधे आलंय ना हे ठिकाण?"

आपली,
रोज टेकडी चढणारी एक वाचक
कोथरूड, पुणे