वनमंत्र्यांना खुलं पत्र: नकाशात हिरवं दिसतंय ते सगळं रान नाहीये

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी संगमेश्वर तालुक्यातला. देशातलं वनक्षेत्र मोजणाऱ्या केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हेचा रिपोर्ट आला की रत्नागिरी जिल्हा निम्मा हिरवा दिसतो आणि सगळे खूश होतात. पण साहेब, त्या मोजणीत एक हेक्टर जागा आणि १० टक्के झाडांचं छत्र असलं की झालं, मग ते ऐन-किंजळाचं जुनं रान असो नाहीतर काजूची कलमं, तिकडे सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबर लावलंय तेही त्यातच.

आणि खरं रान तर तुटतंय. ही तोड आजची नाही, मान्य. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली आणि पुढे रेल्वे वाढत गेली तसं स्लीपरला लाकूड लागायला लागलं, मैलाला अठराशेच्या आसपास, ते कुजले की परत नवे. ठाण्याचा, डांगचा साग त्यात गेला. १८६४ ला वनखातं काढलं तेही मुख्यतः लाकूड पुरत राहावं म्हणूनच, आणि १८७८ च्या वनकायद्याने लोकांचे रानावरचे हक्क गेले. आमच्याकडे बरेचसे डोंगर खाजगी राहिले, तिथे कोळशाच्या भट्ट्या लागल्या.

आता कसं चालतं ते सांगतो. सातबारावर ढीगभर नावं, अर्धे मुंबईला, कुणाकडे लग्न कुणाचं ऑपरेशन, मग ठेकेदार अख्खा डोंगरच घेतो. आधी जेसीबीने रस्ता, मग कटर, ऐन किंजळ जांभूळ सगळं आडवं आणि ट्रक घाट चढून वर. पूर्वी निदान खुंटाला फुटवे यायचे, पंधरा-वीस वर्षांत रान परत उभं राहायचं, आता कलमं लावायला जेसीबी खुंटच मुळासकट उपटतो. पहिल्या पावसात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, नुसतं लाल पाणी.

१९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, पण तो झाडाची जात बघतो, अख्खं रान जातंय हे कोण बघणार? पश्चिम घाट राखण्यासाठीच्या गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, मग कस्तुरीरंगन समितीचा, आणि २०१४ पासून घाटातला संवेदनशील भाग ठरवायच्या अधिसूचनेचे ड्राफ्टवर ड्राफ्ट निघतायत.

मालकाला शिव्या देऊन काय होणार, त्याला तोडायचे पैसे मिळतात, राखायचे एक रुपयाही नाही. जो रान उभं ठेवेल त्याला हेक्टरी दरवर्षी पैसे द्या, आणि राज्याच्या आकडेवारीत बागा वेगळ्या दाखवा. पावसाळा संपला की तोड परत सुरू होईल, त्याआधी निदान खुंट उपटायला बंदी घालणारा आदेश तरी काढा.

आपला,
एक कोकणी बागायतदार