गोळी घ्यायची की खाडा करायचा?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

माझा धाकटा भाऊ गर्द (ब्राऊन शुगर) ओढता ओढता नशेच्या सुईवर गेला होता. २०१९ पासून तो ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे गर्दची ओढ थोपवणाऱ्या औषधी गोळीवर आहे आणि आज तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातो. पाळी आठची, गोळीचं केंद्र उघडतं नऊला. सिस्टर गोळी कुस्करून जिभेखाली ठेवतात, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं, मग तोंड उघडून जीभ उचलून दाखवायची. हे रोज. गोळी घेतली की अर्ध्या दिवसाचा खाडा, कामावर गेलं की गोळी चुकते. दोन-तीन दिवस चुकली की टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू होतो, हातपाय ओढतात, आणि जुने मित्र नाक्यावर उभेच असतात.

रोज समोर बसवून देण्यामागचं कारण मला ठाऊक आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सात दिवसांच्या गोळ्या घरी मिळाल्या. मी त्या तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी डबा उपसलेला आणि तांदूळ फरशीवर. दोन गोळ्या त्याने मित्राला दिल्या होत्या, उरलेल्या स्वतः घेतल्या. पुढचे दिवस कसे काढले ते लिहीत नाही. पण तेव्हापासून आमच्यात मी बहीण कमी आणि जेलर जास्त झाले.

म्हणून ही विनंती. कुलूपबंद, वेळ लावलेले गोळ्यांचे डबे आता मिळतात. केंद्रातच आठवड्याच्या गोळ्या भरून कुलूप लावायचं. ठरल्या वेळी आतली चकती फिरते आणि त्या दिवसाचीच गोळी बाहेर येते. नाही उचलली तर केंद्राला फोनवर संदेश जातो. लहान मुलांच्या हाती गोळ्या लागण्याचा धोकाही कमी होतो, आणि आमच्यासारख्या दहा बाय बाराच्या खोलीत ही साधी गोष्ट नाही.

डबा म्हणजे जादू नव्हे. गोळी जिभेखाली गेली की खिशात, हे त्याला दिसत नाही. डबा फोडताही येतो. त्यामुळे नव्या रुग्णाला नको. जो महिनोन्‌महिने नियमित आहे त्यालाच द्या, आठवड्याला केंद्रात बोलवा, लघवीची तपासणी करा. आणि एक अट लेखी हवी: कोणी कधी गोळी घेतली ही नोंद डॉक्टरांपुरतीच राहील. ती पोलिसांच्या किंवा मालकाच्या हाती पडणार असेल, तर एकही माणूस डबा घरी नेणार नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांच्या नशेमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आहेत. सगळ्यांसाठी मागत नाही. मुंबईतल्या दोन-तीन केंद्रांवर वर्षभर करून तर बघा. तोवर निदान एखादं केंद्र सकाळी सहाला उघडा, त्याला यंत्र लागत नाही.

भाऊ सध्या मुकादमाकडे रात्रपाळी मागतोय.

आपली,
एका रुग्णाची बहीण, मानखुर्द