ताई, चिखलाच्या कोड्याबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी तासभर खर्च केलात आणि उत्तर मात्र सांगितलं नाहीत. तेव्हा मनातून चिडलो होतो. आता त्या न सांगितलेल्या उत्तराचेच आभार मानायचे आहेत, तेही चारचौघांत.

कोडं जुनंच. काही मुलं खेळून आली, त्यांतल्या तिघांच्या कपाळाला चिखल. दुसऱ्याचं कपाळ दिसतं, स्वतःचं नाही. वडील सगळ्यांसमोर म्हणतात, "निदान एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे." मग पुन्हा पुन्हा विचारतात, "आपल्याला चिखल आहे, अशी कोणाची खात्री झाली?" दोनदा सगळे गप्प. तिसऱ्यांदा ते तिघं एकदम हात वर करतात.

मी अडलो वडिलांच्या वाक्यापाशी. चिखल तर सगळ्यांनाच दिसतोय, मग त्यांनी नवीन काय सांगितलं? कोडंच चुकलंय, असं मी तावातावाने म्हणालो. तुम्ही वाद घातला नाहीत. "तीन सोड. एकालाच चिखल आहे असं धर."

एकच असेल तर त्याला बाकी सगळे स्वच्छ दिसतात. तो लगेच हात वर करतो. दोघं असतील तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसतो. "मी स्वच्छ असतो तर याने पहिल्याच फेरीत हात वर केला असता. केला नाही, म्हणजे..." इथे माझी ट्यूब पेटली. गप्प बसणंही काहीतरी सांगत होतं! दोनावरून तीन, तीनावरून चार. शंभर असतील तर शंभरावी फेरी. इंडक्शन, म्हणजे एकासाठी सिद्ध करून मग प्रत्येक पायरीवरून पुढची पायरी गाठण्याची गणिती रीत, मी बेरजेच्या सूत्रांपुरतंच घोकलं होतं, ते असं माणसांच्या डोक्यात शिरून वापरायचं असतं हे कुठे माहीत होतं?

मग तुम्ही परत वडिलांकडे आणलंत. दोघांनाच चिखल असेल, तर वडील बोलायच्या आधीही पहिल्याला चिखल दिसतोच. "पण दुसऱ्यालाही दिसतोय, हे त्याला ठाऊक आहे का?" नाही. तो स्वतः स्वच्छ असेल, तर दुसऱ्याला काहीच दिसत नसणार. वडिलांनी तेच वाक्य प्रत्येकाच्या कानात गुपचूप सांगितलं असतं, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी हात वर गेले नसते. सगळ्यांसमोर सांगितलं की ते सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि असंच पुढे. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी 1969 मध्ये हेच 'कॉमन नॉलेज' म्हणून मांडलं आणि 1976 मध्ये गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी त्याची गणिती व्याख्या केली, हे मी नंतर वाचलं. वाचताना आवाज तुमचाच ऐकू येत होता.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, "एखाद्या मुलाचं लक्षच नसेल तर?" उत्तराला उशीर झाला, पण सापडलंय. समजा चिखल एकालाच आहे आणि नेमकं त्याचंच लक्ष नाही, हे बाकीच्यांना माहीत नाही. तो पहिल्या फेरीत गप्प राहील. दुसऱ्या फेरीत स्वच्छ कपाळाची सगळी मुलं मोठ्या खात्रीने हात वर करतील.

बरोबर ना?

तुमचा,
तावातावाने बोलणारा विद्यार्थी