कार्बनचं गणित

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला ताऱ्यांवरचा लेख मस्तच, पण खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलनी १९५३ मध्ये कार्बनच्या अणुकेंद्राची ७.६५ एमईव्हीची (हे ऊर्जेचं एकक) ऊर्जा-पातळी, जिच्यामुळे ताऱ्यांत कार्बन तयार होऊ शकतो, ती सांगितली, प्रयोगात ती सापडली आणि विषय संपला असं वाचून वाटतं, तसं नाहीये. प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलांपासून सुरुवात करून ती पातळी कॉम्प्युटरवर काढायला २०११ उजाडलं, तेही जर्मनीतला सुपरकॉम्प्युटर राबवून. या गणितात अवकाशाची जाळी करतात आणि त्यावर हे कण मांडतात, बुद्धिबळाचा पटच पण तीन मितींचा. दोन अल्फा (म्हणजे हेलियमची अणुकेंद्रं, प्रत्येकात दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) एकमेकांवर आदळले तर काय, म्हणजे सगळे मिळून आठच कण हो, हे गणित या पद्धतीनं २०१५ ला जमलं! आम्हाला बीएस्सीला हे एका ओळीत उरकलं होतं.
– एक वाचक, सातारा