दुनळीसाठी मागितलेली बाटली

पिट्सबर्ग, 9 नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही आजोबांच्या दुनळी बंदुकीविषयी बोललात. डाव्या हाताची पकड बसते तेथे नळीचा काळेपणा उडून पांढरे पोलाद उघडे पडले आहे आणि इकडे बाटलीत मिळणारे काळे करायचे औषध दादाबरोबर नाशिकला पाठवावे, असे तुमचे म्हणणे होते. ती बाटली मी पाठवत नाही. असले विषारी आणि आम्लयुक्त द्रव विमानात नेऊ देत नाहीत हे एक झालेच, पण खरे कारण वेगळे आहे आणि ते फोनवर नीट सांगता आले नसते.

हे औषध, ज्याला येथे कोल्ड ब्ल्यू म्हणतात, गेल्याच आठवड्यात मी स्वतः वापरून पाहिले. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी येथे रायफलीने हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. शेजारच्या आजोबांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी आपल्या रायफलीच्या चापाभोवतीचे कडे सोडवून माझ्याकडे दिले आणि रायफल कपाटात कुलूपबंद केली. पहिल्या खेपेस माझी फजितीच झाली. ॲसिटोनने कडे स्वच्छ पुसल्यावर ते उलटे करताना अंगठा लागला, आणि औषध लावताच नेमक्या त्या जागी तलाठ्याच्या कागदावर शोभावा असा रेषारेषांचा फिका ठसा उमटला. सगळे घासून काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या वेळी हातमोजे घातले, औषधातले सेलेनियम विषारी असल्याने खिडक्या उघडल्या, केस वाळवायच्या यंत्राने कडे हाताला कोमट लागेपर्यंत तापवले आणि कापसाच्या बोळ्याने औषध एका दमात ओढले. मिनिटभराने पाण्याने धुऊन अगदी बारीक स्टील वूलने हलकेच पुसायचे आणि पुन्हा औषध लावायचे, असे पाच हात दिले. पहिल्या हाताला करडा, तिसऱ्याला निळसर आणि पाचव्याला काळा रंग आला. शेवटी तेलात माखून रात्रभर ठेवले, कारण आम्लाचा अंश मागे राहिला तर त्याच जागी गंज धरतो.

आता कारण सांगतो. बागेवर फवारायला मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तयार करताना तुम्ही त्यात विळा बुडवून पाहता आणि पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला असे समजून आणखी घालता. या बाटलीत जवळपास तेच घडते. तिच्यात तांब्याचे क्षार असतात. पोलादाचे थोडे लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते, मात्र सोबत सेलेनियम असल्याने तो थर तांबूस न राहता काळा होतो. म्हणजे हा रंग पोलादाचा नव्हे, त्यावर बसलेला पापुद्रा आहे. स्क्रूच्या डोक्याला किंवा एखाद्या ओरखड्याला तो पुरतो, पण जेथे रोज पकड बसते आणि घाम लागतो तेथे तो फार दिवस टिकत नाही.

खऱ्या ब्ल्यूइंगमध्ये, म्हणजे पोलाद काळे करण्याच्या मूळ रीतीत, पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. कारखान्यात त्यासाठी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे सुमारे 140 अंश सेल्सिअसला उकळणारे द्रावण वापरतात. मात्र आपल्या दुनळीला ते मुळीच चालणार नाही, कारण दोन नळ्या आणि मधली पट्टी शिसे-कथलाच्या डाकाने, म्हणजे सांध्यात वितळवून भरलेल्या धातूने, जोडलेली असते, आणि कॉस्टिक तो डाक खाऊन टाकते. अशा नळ्यांसाठी जुनी संथ रीतच बरी. मुद्दाम बारीक गंज चढू द्यायचा, नळ्या पाण्यात उकळून तांबडा गंज काळा करायचा, वरची सुटी भुकटी घासून काढायची आणि मनासारखा रंग येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. यात दिवसच्या दिवस जातात. माझ्या मते जाऊ द्यावेत.

तेव्हा परवान्याचे कागद बरोबर घेऊन दुनळी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी, आणि नळ्या डाकाच्या आहेत हे त्याला आधी सांगावे. उकळत्या क्षारात बुडवून एका दिवसात देतो असे तो म्हणाला, तर दुनळी तशीच परत आणावी. तोवर ती चामड्याच्या म्यानात ठेवू नये. आईला ते म्यान फार आवडते हे मला ठाऊक आहे, पण चामडे ओल धरून ठेवते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या आत गंज चढतो. हाताळून झाल्यावर प्रत्येक वेळी जुन्या धोतराच्या फडक्याने तेलाचा हात फिरवावा, म्हणजे उघड्या पोलादालाही काही होणार नाही.

शेजारच्या आजोबांनी कडे खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिले, आणि आतल्या वळणात राहिलेला एक फिका ठिपका मला नखाने दाखवला. दुनळी दुरुस्तीला नेण्यापूर्वी दोन्ही नळ्यांच्या मधल्या सांध्याचा जवळून एक फोटो काढून दादाकडून पाठवावा. डाक कोठे सुटला आहे का, ते मला पाहायचे आहे.

आईला नमस्कार.

आपला,
श्रीकांत